पगार हातात आला, हिशेब कुणाच्या हातात?

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात मुलाला पहिली नोकरी लागली की सगळी गल्ली विचारते, पॅकेज किती. पगारातून कापलेले पैसे कुठे जातात, हे कुणी विचारत नाही. घरात पेढे येतात, देवापुढे पाकीट ठेवलं जातं, आणि नेमणूकपत्र मोबाइलच्या डाउनलोडमध्ये पडून राहतं. चार पानांचा तो कागद आई वाचत नाही, बाबा वाचत नाहीत आणि ज्याची सही त्यावर आहे तोही वाचत नाही. हे दुसऱ्या कुठल्या मोहल्ल्यात झालं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. परदेशीपुऱ्यात होतं याचा मला राग येतो.

कारण स्वतःचा पैसा दुसऱ्याच्या हातात राहिला की काय होतं, हे या गिरणपट्ट्याइतकं महागात इंदुरात कुणी शिकलेलं नाही.

इथून जवळच हुकुमचंद मिल. १२ डिसेंबर १९९१ ला ती बंद पडली. ५,८९५ कामगार एका दिवसात रस्त्यावर आले. पगार थकलेला, ग्रॅच्युइटी अडकलेली. खटला चालला आणि २००७ मध्ये उच्च न्यायालयाने कामगारांचे २२९ कोटी रुपये देणं आहे असं ठरवलं. पण ठरवणं वेगळं, मिळणं वेगळं. पैसा निघायचा होता मिलच्या जमिनीतून. जमिनीवर हक्क कुणाचा याचा वाद, विक्री रखडलेली, आणि रांगेत बँकाही उभ्या. मधे थोडी रक्कम वाटली गेली. शेवटी महापालिका आणि गृहनिर्माण मंडळ यांच्यात तोडगा निघाला आणि २५ डिसेंबर २०२३ ला सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटींचा धनादेश निघाला. बत्तीस वर्षं आणि तेरा दिवस. मिल बंद झाली तेव्हा जो चाळिशीत होता, तो तोवर सत्तरी ओलांडून गेला होता. कित्येकांच्या जागी बायका आणि मुलं मृत्यूचे दाखले घेऊन उभी राहिली.

२२४ कोटी ऐकायला मोठे वाटतात. ४,८०० ने भागा. माणशी पावणेपाच लाखही पुरते होत नाहीत. एवढ्यासाठी एक अख्खी पिढी म्हातारी झाली.

हुकुमचंद एकटी नव्हती. मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, भंडारी, एकेक करून सगळ्यांचे भोंगे थांबले. गणपतीत अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झाँकी, म्हणजे सजवलेले चित्ररथ, अजून निघतात, शहर रात्रभर जागून बघतं. मिल गेली, झाँकी राहिली, याचं कौतुक सगळे करतात. देणी बत्तीस वर्षं का राहिली, हा प्रश्नही त्याच घरांत दर वर्षी विचारला जायला हवा होता.

कुणी म्हणेल, कामगाराने रोज पासबुक तपासलं असतं म्हणून मिल वाचली असती का? नसती. मिल बुडण्यात कामगाराचा दोष नव्हता. पण दोन गोष्टी प्रत्येक घराच्या हातात असतात. आपले किती पैसे मालकाकडे पडून आहेत हे ठाऊक असणं, ही एक. आणि उद्या पगार थांबला तर आपल्या स्वतःच्या पैशावर चूल किती महिने पेटेल, ही दुसरी. मोठं होणं म्हणजे मला तरी या दोन उत्तरांपेक्षा वेगळं काही वाटत नाही. अठरा पूर्ण झाल्याने मत देता येतं, गाडीचं लायसन्स मिळतं. ही दोन उत्तरं पंचवीस-तीस वर्षांच्या कमावत्या माणसाकडेही नसतात.

आता आजच्या मुलाकडे येऊ. त्याच्यासाठी मिल नाही. इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समधली छोटी कंपनी आहे, विजय नगरचं कॉल सेंटर आहे, मोबाइलचं शोरूम आहे, नाहीतर पाठीवर डिलिव्हरीची बॅग आहे. समजा, त्याला सांगितलं, पॅकेज वर्षाला २ लाख ६४ हजार. तो बारांनी भागतो आणि बावीस हजार धरून चालतो. त्या हिशेबाने गाडीचा हप्ता ठरवतो. पहिल्या महिन्यात खात्यात येतात साधारण १८,२००. मग त्याला वाटतं, कंपनीने फसवलं.

फसवलेलं नसतं, समजावलेलं नसतं. मूळ पगार १२,००० धरला तर त्याचे १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये, त्याच्याकडून भविष्य निर्वाह निधीत जातात. तेवढेच कंपनी घालते, पण तेही पॅकेजमध्येच मोजलेले असतात. कर्मचारी राज्य विम्याचा कंपनीचा ३.२५ टक्के वाटाही तिथेच धरलेला. वर त्याचा स्वतःचा पाऊण टक्का, थोडा व्यवसाय कर. झाले जवळपास चार हजार कमी. हा हिशेब दहा मिनिटांचा आहे. कॉलेजात तीन वर्षं वाणिज्य शिकलेल्या मुलालाही तो येत नाही, कारण त्याच्यासमोर पगाराची खरी पावती कुणी ठेवलेलीच नसते. शिक्षकांना माझी विनंती आहे: एक तास द्या, एक पगारपत्रक फळ्यावर काढा, एकेक ओळ मुलांकडून वाचून घ्या.

कापलेले पैसे गेले असं समजू नका. तो त्याचाच पैसा आहे. कंपनीच्या १,४४० पैकी सुमारे एक हजार पेन्शनच्या खात्यात जातात आणि ४४० निर्वाह निधीत. म्हणजे निधीत महिन्याला १,८८० जमतात. २०२४-२५ साठी व्याज होतं ८.२५ टक्के. तोच दर टिकला तर पाच वर्षांत १ लाख ३५ हजारांच्या वर रक्कम होते, आणि ती जमवायला त्या मुलाला काहीही करावं लागत नाही. फक्त काढायची नाही. इथेच सगळं बिनसतं. आपली मुलं दीड वर्षात नोकरी बदलतात आणि प्रत्येक वेळी निधी काढून मोकळी होतात. सायबर कॅफेवाला शे-दोनशे रुपये घेऊन फॉर्म भरून देतो, आलेल्या पैशात गोव्याची सहल होते. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत पन्नास हजार किंवा जास्त काढले तर त्यावर करही कापला जातो. पेन्शनची दहा वर्षांची अट मोडते ती वेगळीच. नोकरी बदलली तर खातं नव्या कंपनीत वळवून घ्या, खात्याचा कायमचा क्रमांक, युएएन, तोच राहतो. ही सोय याचसाठी केलेली आहे.

आणि ज्याला कंपनी म्हणते, 'पीएफ नको, हातात जास्त देतो', त्याने आधी मिलमध्ये राबलेल्या आजोबांशी बोलावं.

विम्याची गोष्ट तर आणखी जवळची. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना कर्मचारी राज्य विमा लागू होतो. वरच्या उदाहरणातल्या मुलाच्या पगारातून त्यासाठी जातात जेमतेम दीडशे रुपये. या दीडशे रुपयांवर त्याचा स्वतःचा इलाज तर होतोच, पण आई-वडिलांचं उत्पन्न महिन्याला ९,००० च्या आत असेल आणि ते त्याच्यावर अवलंबून असतील, तर त्यांचाही होतो. आजारपणात रजा लागली तर नियमांत बसल्यास वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. रुग्णालय कुठे? नंदानगरमध्ये, घरापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर. गिरणी कामगारांसाठी वसलेल्या, गुलझारीलाल नंदा यांचं नाव दिलेल्या त्या वस्तीत ते आधीच्या पिढीसाठी उभं राहिलं. आजोबांना तिथला केसपेपर कसा काढायचा हे तोंडपाठ होतं. नातवाला आपलं कार्ड आहे हेही माहीत नसतं, आणि आईच्या गुडघ्यासाठी तो खासगी दवाखान्यात कर्ज काढून पैसे भरतो. कार्डावर आई-वडिलांची नावं चढवायची असतात, ती चढवलेली नसतात. हे काम आज करण्यासारखं आहे.

तिथे गर्दी असते, वेळ जातो, हे खरं. पण हक्काची गोष्ट गैरसोयीची आहे म्हणून सोडून द्यायची आणि मग परवडत नाही म्हणून रडायचं, हे मला पटत नाही.

डिलिव्हरीवाल्या मुलांना यातलं फारसं काही मिळत नाही. पावसात, रात्री साडेअकराला, पाटनीपुऱ्याच्या चौकातून गाडी काढणाऱ्या त्या मुलासाठी निदान बँकेतला अपघात विमा घ्या. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा. आयुर्विमा ४३६ रुपयांत दोन लाखांचा. दोन्ही सरकारी योजना आहेत, खातं असेल तर एका सहीने सुरू होतात. दोन लाखांत कुणाचं घर चालत नाही, हे कबूल. पण आज ज्याच्या नावावर शून्य आहे, त्याने तिथून तरी सुरुवात करावी.

आता पालकांकडे वळतो, कारण त्यांना कुणी बोलत नाही.

मुलाच्या नावावर कर्ज काढू नका. हे मी मोठ्याने लिहितो आहे. वडिलांचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, बिघडलेला असतो, जुने हप्ते थकलेले असतात. मुलगा नुकता कमवायला लागलेला, त्याची पाटी कोरी. मग घरातली मोटारसायकल त्याच्या नावावर, बहिणीच्या लग्नाचं वैयक्तिक कर्ज त्याच्या नावावर, काकांच्या दुकानाला जामीनही तोच. 'सही कर रे, भरणार आम्हीच आहोत.' भरले जात नाहीत. तीनशे ते नऊशे या मापावर त्याचा आकडा खाली घसरतो आणि तो पंचविसाव्या वर्षी स्वतःसाठी घराचं कर्ज मागायला जातो तेव्हा बँक नाही म्हणते. जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम सांगतं. दीडशे वर्षं जुना कायदा आहे, पण जामीनपत्रावर सही करणाऱ्या मुलाला तो कुणी वाचून दाखवत नाही. आई-वडिलांना मदत करावी, जरूर करावी, पगारातून करावी. सही मात्र आपल्या स्वतःच्या परतफेडीपुरतीच करावी. मुलाने नाही म्हटलं तर तो कृतघ्न ठरत नाही, हेही घरातल्या मोठ्यांनी सांगायला हवं.

आणि मुलांनो, स्वतः घेतलेल्या हप्त्यांबद्दल. 'झीरो कॉस्ट' फोन नावाची गोष्ट नसते. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना लिहून कळवलं होतं. व्याज कुठेतरी असतंच: किमतीत, प्रक्रिया शुल्कात, सोडून दिलेल्या सवलतीत. क्रेडिट कार्डाचं 'किमान देय' भरून महिना काढला की उरलेल्या रकमेवर अनेक कार्डं महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज लावतात. वर्षाचे बेचाळीस. सावकाराच्या नावाने बोटं मोडणाऱ्या घरात हा दर मुकाट्याने भरला जातो. आपला सिबिल अहवाल बघायला पैसे लागत नाहीत. कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या अशा चार संस्था देशात आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा नियम २०१७ पासून आहे. वाढदिवसाला बघा. आपण न घेतलेलं कर्ज आपल्या नावावर निघालं, तर त्याच दिवशी तक्रार करा.

मुलींबद्दल वेगळं लिहावं लागतं, याचं वाईट वाटतं. मुलगी कमावते, तिचं खातं आहे, पण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर भावाचा. एटीएम कार्ड बाबांच्या पाकिटात. पगार आला की संदेश तिच्याआधी दुसऱ्याला कळतो. 'तिच्याच लग्नाला तर जमवतोय' हे कारण ठरलेलं. तिच्या लग्नाला जमवताय तर ते तिच्या नावावर, तिच्या नंबरवर, तिला दिसेल असं जमवा. ज्या घरात कमावती मुलगी शंभर रुपये मागून घेते, ते घर तिला मोठी होऊ देत नाही, मग ते कितीही प्रेमळ असो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये दहा वर्षांवरच्या मुलांनाही स्वतःचं बचत खातं चालवू द्यायला बँकांना परवानगी दिली. दहा वर्षांची मुलगी खातं चालवू शकते आणि चोवीस वर्षांची नाही? हा प्रश्न परदेशीपुऱ्यातल्या काही घरांनी जेवताना एकमेकांना विचारावा.

इंदूरचं आणखी एक दुखणं आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शेअर बाजाराच्या 'टिप्स' विकणाऱ्या कंपन्यांनी या शहराचं नाव देशभर खराब केलं. सेबीने गुंतवणूक सल्लागारांसाठी २०१३ मध्ये नियम केले, आणि पुढच्या वर्षांत इंदूरच्या कंपन्यांवर एकामागून एक कारवाईचे आदेश निघाले. या कंपन्यांत फोनवर बसणारी मुलं कोण होती? याच वस्त्यांमधली, पहिल्या नोकरीच्या शोधातली. वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या हातात एक कागद द्यायचा आणि दुसऱ्या राज्यातल्या निवृत्त माणसाला हमखास परताव्याचं वचन द्यायला लावायचं. पगार चांगला मिळायचा. पण त्या मुलांच्या जीवनवृत्तांतात आज ते नाव लिहायची सोय नाही. पहिली नोकरी कुठली घ्यावी, हाही मोठं होण्यातला एक निर्णय आहे. ज्या कामाबद्दल आईला खरं सांगता येत नाही, ते काम सोडा.

आणि जी मुलं फोन करत नव्हती ती आज स्वतःच बाजारात आहेत, फ्यूचर आणि ऑप्शनमध्ये. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशेब मांडला: शंभरातले ९३ वैयक्तिक खेळाडू तोट्यात, मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींहून जास्त. २०२३-२४ मध्ये या खेळाडूंपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते. आणि पाऊण हिस्सा लोक वर्षाला पाच लाखांहून कमी उत्पन्न सांगणारे. म्हणजे जे घालवतात त्यांच्याकडे घालवण्यासारखं काही नसतं. मला बाजाराचं वावडं नाही. पण सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय ज्याने ऑप्शनचं ॲप उघडलं, त्याच्या हातातून मी फोन काढून घेईन.

एक धोका तर त्याहून वाईट आहे. 'तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार मिळतील.' मित्राचा मित्र येऊन हे सांगतो. खात्यातून कुणाची तरी आयुष्यभराची पुंजी फिरते, आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. बँक खातं गोठवते, पगारही त्यातच अडकतो. आरोपीच्या यादीत नाव गेलं की सरकारी नोकरीची पडताळणी, पासपोर्ट, सगळं लटकतं. पाच हजारांसाठी. खातं, एटीएम कार्ड आणि सिम या तीन वस्तू सख्ख्या मित्रालाही द्यायच्या नाहीत. दिलेल्या असतील तर आज बँकेत जा. पैसे लुबाडले गेले असतील तर १९३० हा क्रमांक लावा, जितक्या लवकर तितकं बरं.

सहा महिन्यांचा खर्च म्हणालो, तो कसा काढायचा? परदेशीपुऱ्यातल्या बहुतेक मुलांना एक मोठी सवलत असते: ती घरीच राहतात. बंगळुरू-पुण्याला गेलेल्या मुलाचा पगार मोठा दिसतो, पण खोलीचं भाडं, अनामत आणि मेसमध्ये तो विरघळतो. घरी राहणाऱ्याने ही सवलत ओळखावी. माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या पगारापासून घरात ठरलेली रक्कम द्यावी, मागितली नाही तरी. आणि नुसती रक्कम नाही, एक खर्च पूर्ण अंगावर घ्यावा. विजेचं बिल घ्या. नर्मदेच्या पाण्याचा कर आणि घरपट्टी घ्या. दोन महिने ते स्वतः भरलं की पंखा बंद करायला आईने ओरडावं लागत नाही. वाण्याकडचा महिन्याचा किराणा एकदा स्वतः यादी करून आणा. खिचडी, पोळी, साधी भाजी येत नसेल तर तीन रविवारांत शिका; बाहेरून मागवण्यात महिन्याला जाणारा पैसा मोजलात तर हप्त्याएवढा निघेल.

मग उरलेल्यातून आधी साठवण. स्वतःचा महिन्याचा खर्च दहा हजार असेल तर साठ हजार होईपर्यंत दुसरं काही नको. महिना पाच हजार टाकले तर वर्षाचं काम आहे. बँकेत मुदत ठेवीत ठेवा. बँक बुडाली तरी पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची, आधी एकच लाख होती. मोहल्ल्यातल्या साख संस्थेला, म्हणजे पतसंस्थेला, हा विमा नसतो, व्याज कितीही गोड असलं तरी. बीसी, म्हणजे भिशी, चालवणाऱ्या बायकांवर माझा विश्वास आहे, त्यांनी कित्येक घरांची फी भरली आहे. पण बीसीच्या वहीमागे कुठलीच हमी उभी नसते. तिथे तेवढेच टाका, जेवढे बुडाले तर झोप उडणार नाही.

इंदूरच्या मराठी घरांत मुलांसमोर पैशाचं बोलायचं नाही, हा संस्कार समजला जातो. 'तू अभ्यास कर, ते आम्ही बघू.' बावीस वर्षं आपण बघतो आणि तेविसाव्या वर्षी त्याने एकदम सगळं बघावं अशी अपेक्षा करतो. कपाटातली ती फाइल काढा, रविवारी, चहा पिता पिता. घराची रजिस्ट्री कुणाच्या नावावर, कर्ज किती राहिलं, विम्याचा हप्ता कधी, समग्र आयडीत (मध्य प्रदेशातल्या कुटुंबाच्या ओळखक्रमांकात) नावं बरोबर आहेत का, कुठल्या खात्याला नॉमिनी कोण. आकडे कमी आहेत म्हणून लाजू नका. मुलाला घराची खरी ऐपत कळली की तो त्या मापाने पाय पसरतो. लपवलं तर तो गल्लीतल्या सगळ्यात महाग फोनच्या मापाने पसरतो.

नॉमिनीचं आणखी एक. नॉमिनी म्हणजे मालक, असा सगळीकडे समज आहे. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ ला शेअरांबाबत स्पष्ट केलं की नॉमिनी झाल्याने कुणी संपत्तीचा पूर्ण मालक होत नाही, वारसा हक्काचा कायदाच चालतो. मिलचा धनादेश निघण्याच्या अकराच दिवस आधीचा हा निकाल. नॉमिनी लिहाच, १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत लिहिता येतात. पण घर किंवा ठेव नावावर असेल तर वडिलांनी साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्रही करावं. मिलच्या देण्यासाठी वारसांना कागद गोळा करत किती फिरावं लागलं, हे शेजारच्याच घरात विचारा.

मालकांनाही दोन शब्द. परदेशीपुऱ्याच्या औद्योगिक भागात, आसपासच्या दुकानांत, अजून रोख पगार देऊन पावती न देणारे आहेत. पावती न मिळालेल्या मुलाला बँकेकडून घर-कर्ज मिळवणं कठीण होतं, भाड्याची खोलीही त्याला अवघड जाते. नेमणूकपत्र, पगारपत्रक आणि निधीचा भरणा, या तीन गोष्टी दिल्या तर तुमच्या खिशातून फार काही जात नाही. निधीचे पैसे पगारातून कापून जमाच न करणं, हा तर सरळ गुन्हा आहे.

जमा झाले की नाही, हे कळायला कुणाची परवानगी लागत नाही. युएएन सुरू करून घ्या, आधार आणि बँक खातं जोडा, आणि नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ हा क्रमांक फिरवा. दोनदा वाजून फोन आपोआप बंद होतो, पैसा लागत नाही. थोड्या वेळाने संदेश येतो: शेवटचा भरणा किती, शिल्लक किती. गेल्या महिन्याचा भरणा त्यात दिसला नाही तर सोमवारी कामावर गेल्या गेल्या हिशेबाच्या टेबलाशी जा आणि चलनाची प्रत मागा. लेखी मागा.